डॉक्टरांनी बाबाकडे बघून विचारलं

“घरात सिगारेट वगैरे?” डॉक्टर सरोजिनींनी विचारलं, आणि विचारताना त्यांनी बघितलं बाबाकडे.

“छे!” बाबा म्हणाला.

आता एवढ्यात संशय घेण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण मी माझ्या बाबाला जन्मापासून ओळखते. तो एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काम करतो आणि त्याला ‘चहा घेणार का’ विचारलं तरी आधी दूध कधी तापवलंय याची चौकशी करतो, मग उत्तर देतो. असा माणूस प्रश्न संपायच्या आत ‘छे’ म्हणतो? आणि नेमकं त्याच वेळी आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे इतकं लक्ष देऊन बघत होती, जणू त्यात तिचा फोटो छापलाय.

पेशंट आई होती. आईला सोरायसिस आहे. कोपरांवर, गुडघ्यांवर आणि आता बोटांच्या पेरांवरही लालसर चट्टे उठतात, त्यांच्यावर पांढरे पापुद्रे धरतात आणि ते गळत राहतात. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय, की मला झोपेतून उठवलंत तरी मी तेच म्हणेन. पण ते लोकांना पटत नाही, आणि आमची खरी अडचण तीच आहे, कारण आई नवरीमुलींना नऊवारी नेसवते. तेच तिचं काम. सुहासिनीताईंनी नेसवलेली नऊवारी म्हणजे दिवसभर पळा, नाचा, पंगतीत मांडी घालून बसा, काष्टा जागचा हलणार नाही. मात्र नऊवारी लांबून नेसवता येत नाही. कमरेला हात घालावा लागतो, निऱ्या पोटाशी खोचाव्या लागतात. आणि तेव्हा नवरीच्या आईची नजर माझ्या आईच्या बोटांवर जाते. गेल्या लग्नसराईत दोघी-तिघींनी आयत्या वेळी कळवलं, “आमच्या मामीच नेसवणार आहेत हो.” अचानक पुण्यातल्या सगळ्या मामींना नऊवारी नेसवता यायला लागली होती.

आता तुळशीचं लग्न झालं की पुन्हा सीझन सुरू. तोपर्यंत बोटं बरी व्हायला हवी होती.

“मलमांनी आतापर्यंत फरक पडायला हवा होता,” डॉक्टर म्हणाल्या. “काहीतरी आड येतंय. ताण, घशाचं इन्फेक्शन, धूर, कशानेही हा उसळतो. दोन-तीन आठवडे बघू. नाहीतर गोळ्या सुरू करू. पण त्या साध्या नाहीत. लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं, रक्त तपासत राहावं लागतं.”

“धूर म्हणजे सिगारेटचा?” मी विचारलं.

“सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये सोरायसिस जास्त दिसतो. शेजारी बसून धूर घेणाऱ्यांचाही विचार करावा लागतो.” आणि त्यांनी पुन्हा बाबाकडे बघितलं.

मीही बघितलं. बाबा चष्मा पुसायला लागला. मग तर झालंच.

मी पूर्वी अशी नव्हते. आठवीपर्यंत हजेरी देतानाही माझा आवाज बाईंपर्यंत पोहोचायचा नाही. नववीत माझी मैत्रीण निशा हिने मला न विचारता वादविवाद स्पर्धेत माझं नाव दिलं, मी थरथर कापत बोलले आणि चक्क बक्षीस मिळालं. तेव्हापासून मी जी सुटलेय ती सुटलेच आहे. पाणी सोडायच्या वेळेवरून मी आमच्या सोसायटीच्या चेअरमनकाकांना निरुत्तर केलंय. तेव्हा बाबा म्हणजे काय, घरचाच माणूस.

मी तपास सुरू केला. आधी धुवायला टाकलेले शर्ट हुंगले. वास नव्हता. म्हणजे तो फार सावध होता. मग संध्याकाळी तो ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून बाहेर जाऊन आला, तेव्हा मी त्याच्या अगदी तोंडाजवळ जाऊन “बाबा, हे प्रमेय समजाव ना” असं म्हटलं. बडीशेपेचा वास आला!

“संपलं,” निशा म्हणाली. “माझा मामा पण बडीशेप खायचा. पकडला गेला.”

“पण बाबाला मुळातच बडीशेप आवडते ग.”

“मामालाही आवडायची.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाबाच्या मागे निघाले. पाठलाग करायला नारायण पेठेइतकी सोयीची जागा नाही. दर चार पावलांवर लपायला टेम्पो किंवा स्कूटरींची रांग असते. अडचण एकच, की प्रत्येक दुकानदार मला ओळखतो. “काय स्पृहाताई, बाबा पुढे गेले बघा!” असं दोघांनी ओरडून सांगितलं. नशीब, बाबा स्वतःच्याच तंद्रीत होता. त्याने कोथिंबीर घेतली, त्या जुडीला मुळंच जास्त आहेत म्हणून भाजीवाल्या वेणूबाईंशी वाद घातला, हरला, आणि केळकर रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या टपरीशी जाऊन उभा राहिला.

टपरीवाल्याने काही विचारलं नाही. बाबाने काही मागितलं नाही. एक पाकीट पुढे आलं, बाबाने ते पिशवीत कोथिंबिरीखाली सारलं, वर चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली आणि चालू लागला.

न मागता मिळतं, म्हणजे गिऱ्हाईक किती जुनं असेल!

मी धावत आडवाटेने घरी आले आणि जेवणाच्या टेबलाशी बसून राहिले. आई पोळ्या करत होती. बाबा आला.

“बाबा, पिशवीत कोथिंबिरीखाली काय आहे?”

“कोथिंबिरीखाली?” बाबा म्हणाला. “आणखी कोथिंबीर.”

मी पिशवी टेबलावर उलटी केली. कोथिंबीर पडली, मग पाकीट पडलं. कुकरची शिट्टी झाली, तिलाही कुणी उठलं नाही. बाबाने आईकडे बघितलं. आईने तव्याकडे बघितलं. तव्यावरची पोळी काळी पडायला लागली होती, पण ती उलटत नव्हती.

“हो,” बाबा शेवटी म्हणाला. या वेळी मात्र त्याला उत्तर द्यायला नेहमीइतका वेळ लागला. “ओढतो मी.”

मग मी जे बोलले ते स्पर्धेत बोलले असते तर पहिलं बक्षीस कुणी हिरावून घेतलं नसतं. आईची बोटं, आईची कामं, डॉक्टरांसमोर धडधडीत खोटं. बाबाने सगळं मान खाली घालून ऐकलं.

“मान्य,” तो म्हणाला. “सोडतो.”

“आत्तापासून!”

मी पाकीट उघडून सिंकमध्ये धरलं आणि नळ सोडला. आई एकदम “अगं—” म्हणाली आणि थांबली.

“काय?”

“काही नाही. सिंक तुंबेल. पुरे आता, जेवायला बसा.”

मला वाटलं, बिचारी. एवढी वर्षं नवऱ्याने फसवलं, तरी आवाज चढवत नाही.

त्यानंतर बाबाला मी एकटं सोडलं नाही. संध्याकाळी पाय मोकळे करायला मी सोबत. टपरी आली की मी त्याच्या आणि टपरीच्या मधून चालायचे. सुटी असली की भाजी, इस्त्री, लायब्ररी, सगळीकडे मी. सिगारेट सोडणाऱ्याला काय काय होतं ते मी वाचून ठेवलं होतं. चिडचिड होते, डोकं दुखतं, कशात लक्ष लागत नाही, हाताला चाळा लागतो. मी मनाची तयारी केली होती की बाबा आता आदळआपट करणार. निशा म्हणाली, “मामाने रिमोट फेकला होता. लपवून ठेव.”

मी रिमोट लपवला. बाबाच तो शोधत बसला, शीळ वाजवत. त्याला भूक लागत होती, झोप लागत होती, लॅबमधल्या मुलांच्या जर्नलवर सह्या करताना तो गुणगुणत होता. सिगारेट सोडल्यावर इतका खूश राहणारा माणूस इंटरनेटवर कुठेच सापडला नाही.

घरात आदळआपट होत होती, नाही असं नाही. पण ती आईची. पोह्यात मीठ कमी पडलं, असं बाबा नुसतं म्हणाला, तर “मग करून खा!” म्हणून तिने डबा आपटला. दुपारी डोक्याला बाम. कपडे वाळत घालायला गेली की अर्धे घालून परत यायची. मी बाबावर आणखी भडकले. त्याच्यामुळे हिला किती मनस्ताप!

त्याच आठवड्यात पूर्णिमा आली. एरंडवण्याची मुलगी, मार्गशीर्षात लग्न. लग्नाचा दिवस, आदल्या दिवशीचं सीमांतपूजन, शिवाय करवल्यांच्या साड्या, असं सगळं मिळून मोठं काम होतं. आधी एकदा नेसून बघायची म्हणून ती तिच्या आईला घेऊन आमच्याकडे आली होती. शाळा सुटल्यावर अशा वेळी पिना द्यायचं काम माझं. आई पिना ओठांत धरते आणि एकीकडे बोलतेही, ही तिची खासियत.

त्या दिवशी ती बोलली नाही. निऱ्या धरल्या, सुटल्या. पुन्हा धरल्या, लहानमोठ्या आल्या. माझ्या आईच्या निऱ्या लहानमोठ्या? मी तिच्या हाताकडे बघितलं. बोटं बारीक थरथरत होती. काष्टा खोचून तिने पिन लावली आणि पूर्णिमा “आई ग!” म्हणून केवढ्याने तरी ओरडली.

“सॉरी हो, सॉरी,” आई म्हणाली आणि बाही सावरायला गेली. तिथेच घात झाला. बाही वर सरकली आणि कोपरावरचा चट्टा पूर्णिमाच्या आईसमोर आला.

“हे काय आहे हो?” तिच्या आईने विचारलं.

“सोरायसिस. लागत नाही तो,” मी आईच्या आधी म्हणाले.

“नाही नाही, तसं नाही,” असं म्हणत त्या माऊलीने मुलीला दोन पावलं मागे ओढलं. “सुरेखच नेसवता तुम्ही. आम्ही कळवतो हं.”

पुण्यात ‘कळवतो’ म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको.

त्या गेल्यावर आई खुर्चीत बसून राहिली. समोर नेसून बघायला आईनेच काढलेली नऊ वार पैठणी जमिनीवर पसरलेली. ती कधीच साडी जमिनीवर ठेवत नाही.

संध्याकाळी बाबाला घेऊन मी बाहेर पडले, पण माझं डोकं त्या थरथरणाऱ्या बोटांपाशी अडकलं होतं. मनस्तापाने पोळी करपते, मान्य. पण हात थरथरतो? आणि ज्याने सिगारेट सोडली तो माझ्या शेजारून भेळेच्या गाडीकडे बघत मजेत चालतोय.

“बाबा, तुझं डोकं दुखतं का रे?”

“अं? हो. दुखतं की.”

“कुठे?”

त्याने जरा विचार केला आणि मानेवर हात ठेवला. “इथे. मागे.”

“परवा पुढे म्हणालास.”

“फिरतं ते.”

“पेटवायला काय वापरायचास?”

“काडेपेटी.”

“आपल्याकडे कधीपासून नाहीये काडेपेटी. गॅसला लायटर आहे.”

“बाहेर ओढायचो ना,” बाबा म्हणाला. “ही काय उलटतपासणी आहे का?”

“हो. पहिली कधी ओढलीस?”

“कॉलेजात. होस्टेलच्या गच्चीवर. असा खोकलो म्हणतेस, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तेव्हाच कानाला खडा लाव—”

बाबा थांबला. मीही थांबले. भर रस्त्यात. मागून एक स्कूटरवाला “ओ, पुतळे! बाजूला!” असं म्हणून गेला.

“कानाला खडा लावलास,” मी म्हणाले.

“स्पृहा, मी काहीही बोललेलो नाही.”

घरात आम्ही तिघं. मी नाही. बाबा नाही. मला एकदम आईची कामाची पेटी आठवली. पिना, ब्रूच, सुईदोरा, आणि साडीच्या काठाचे सुटे धागे जाळून बसवायला एक छोटा लायटर. मी स्वतः किती वेळा तिला तो हातात दिलाय. ती पहाटे कार्यालयात पोहोचल्यावर ‘आले हं’ म्हणून पेटी घेऊनच मागच्या बाजूला जायची. मागच्या बाजूला कुठली साडी असते?

“तू तिच्यासाठी घेत होतास,” मी म्हणाले.

“मग काय तिने उभं राहायचं त्या टपरीवर?” बाबा हळू आवाजात म्हणाला. “या पेठेत? आपण घरी पोहोचायच्या आत बातमी घरी पोहोचली असती. मी घेतल्या तर कोण विचारतंय? आणि तू पिशवी उलटी केलीस तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही.”

“आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?”

“त्यांनी मला विचारलं. मी माझं उत्तर दिलं. ते खरं होतं.”

अशी तांत्रिक सुटका फिजिक्सवालाच करून घेऊ शकतो.

घरी आलो तेव्हा आई तीच पैठणी घडी करत होती. मी दुसरं टोक धरलं. साडीची घडी घालताना दोघींना एकमेकींकडे चालत यावं लागतं, त्यामुळे तोंड चुकवता येत नाही.

“आई, मला कळलंय,” मी म्हणाले.

तिने आधी दारात उभ्या असलेल्या बाबाकडे बघितलं. त्याने दोन्ही हात वर केले.

“बरं मग?” आई म्हणाली.

मी केवढी तयारी करून आले होते. मुद्दे, उदाहरणं, शेवट. या ‘बरं मग’ने माझी सगळी हवा गेली.

“मग... डॉक्टरांना सांगायला हवं. त्या गोळ्या देणार आहेत. तुझं लिव्हर, रक्त... आणि हे माहीत नसताना कशा देतील? तू नाही सांगितलंस तर मी सांगीन.”

“तू काही सांगणार नाहीस,” आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मी साडी घट्ट धरली. “कातडी माझी आहे. बाबाचं नाव आलं तेव्हा तू निशाला काय म्हणालीस? बिचारी आई. निशाची आई पण म्हणाली, बिचाऱ्या सुहासिनीताई. आता माझं नाव घेऊन बघ. बिचारी म्हणेल कुणी? चट्टे आहेत म्हणून मुलीला लांब ओढतात. ही बाई मंडपामागे सिगारेट ओढते म्हटल्यावर मुलीला हात तरी लावू देतील?”

“डॉक्टर थोड्याच सांगणार आहेत कुणाला?”

“बाहेर कंपाउंडर बसते, तिच्या भाचीला मी दोन वर्षांपूर्वी नेसवलीय.”

आईच्या संशयापुढे माझा संशय म्हणजे अगदीच बालवर्ग.

“आणि बंद करते आहेच ना मी,” ती म्हणाली. “तुझ्या कृपेने. आयुष्यात पहिल्यांदा नवरीला पिन टोचली.”

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघं सदाशिव पेठेत क्लिनिकला गेलो. मी काही बोलायचं नाही, असं ठरलं होतं. मी ओठ इतके मिटून बसले होते की कंपाउंडरबाईंनी “दात दुखतोय का ग?” असं विचारलं.

डॉक्टरांनी आईची बोटं भिंगाखाली बघितली. “नाही उतरलेलं. सुरू करू या गोळ्या. आधी या रक्ताच्या तपासण्या करून आणा.” त्या कागदावर लिहायला लागल्या. “दारूचा तर प्रश्न नाही. आणि सिगारेटचं काय झालं मागच्या वेळचं?”

आणि पुन्हा, अगदी तसंच, चष्म्यावरून बाबाकडे बघितलं.

बाबाने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, श्वास घेतला. “डॉक्टर, मागच्या वेळी मी जरा घाईत... म्हणजे ओढतो मी. पण आता—”

“हे नाही ओढत,” आई म्हणाली. “मी ओढते.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. मला वाटलं, आता आश्चर्य, मग उपदेश. पण त्यांनी बाबाच्या खुर्चीकडे वळलेली आपली खुर्ची आईकडे फिरवली. “मागच्या वेळी मी तुम्हाला विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “मुलीला बाहेर बसवू का?”

“नको. दाराला कान लावेल. तिला इथेच राहू द्या.”

“सिगारेटमुळेच झालाय, असं मी म्हणणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “दोन्हींचा संबंध दिसतो, ओढणाऱ्यांना हा जास्त त्रास देतो, औषधंही नीट लागू पडत नाहीत. सोडलीत म्हणून चट्टे उद्या जाणार नाहीत. पण मला कळलं तर मी तुमच्या बाजूने काहीतरी करू शकते. सोडण्यासाठीही मदत असते, एकट्याने दात-ओठ खात बसायची गरज नाही. कधी बंद केलीत?”

“पंधरा दिवस झाले असतील. हिने नळाखाली धरल्या.”

“आणि त्याआधी रोज किती?”

आईने दाराकडे बघितलं. दार बंद होतं, पण बाहेर कंपाउंडरबाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता ती पुन्हा कॅलेंडरकडे वळणार. तिने बाही कोपरापर्यंत ओढली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तीच बाही सरळ वर सारली. चट्टा उघडा. आणि नऊवारी नेसवताना भरल्या कार्यालयात ‘जरा दिवा इकडे करा’ म्हणते, त्या खणखणीत आवाजात तिने सांगितलं,

“सात-आठ. लग्न असलं की जास्त.”

“सात-आठ?” बाबा खुर्चीत ताठ झाला. “सुहास, मी आणतो ते पाकीट तर तुला आठवडाभर पुरतं!”

“तू आणतोस ते पुरतं,” आई म्हणाली.

“मग बाकीच्या कोण आणतं?”

“सलिल, नंतर.”

“नाही, कोण आणतं?”

डॉक्टर सरोजिनींनी नवा कागद पुढे ओढला. “आता तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?” त्या बाबाला म्हणाल्या. “मला यांच्याशी बोलायचंय.”